मणेरणीनं भरलेला चुडा

माझ्या लग्नाचा चुडा कुणी भरायचा, यावरून दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. फुलंब्रीजवळच्या आमच्या गावात नवरीला बांगड्या भरायला मणेरीणच यायची. पण तिच्या नवऱ्याला आमच्याच गावानं ठार मारलं होतं.

निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली तेव्हा मी सहा वर्षांची. त्याआधी रझाकारांनी माझ्या काकाला मारलं होतं. मग फौज आली, रझाकार पळाले, आणि गावानं सूड उगवला तो या बांगड्या विकणाऱ्या मणेरावर, केवळ तो मुसलमान म्हणून. त्या बिचाऱ्यानं जन्मात कधी हातात काठी धरली नव्हती! त्या जमावात माझे वडील होते का? दहा वर्षं कुणाला विचारायची हिंमत झाली नाही. आता लग्नात त्यांच्या पाया पडायचं होतं, आणि हे कळल्याशिवाय मला पडायचं नव्हतं.

शेवटी आईनं हट्टानं तिलाच बोलावलं. तिनं माझा हात हातात घेतला आणि मी विचारलंच, "मावशी, माझे वडील होते का हो तेव्हा?"

"हात सैल सोड बाई. ताठ धरला की बांगडी फुटती."

चार बांगड्या भरल्यावर हळूच म्हणाली, "व्हता. काठी घेऊन व्हता. अन् माझी दोन लेकरं गाडीत कडब्याखाली लपवून शहरात माझ्या भावाकडं पोचवली, ती बी त्यानंच. आता तूच सांग, त्याला काय म्हणू मी?"

मी दुसरा हात पुढं केला. चुडा भरून झाला, रीतीप्रमाणे मी तिच्या पाया पडले. तिनं डोक्यावर हात ठेवला. त्या हातात एकही बांगडी नव्हती.

बाहेर मांडवात वडील उभे होते. "काय बोलली का ती?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी तिचा विषय काढला.

"नाय," मी म्हणाले.

ते खांबाला धरून खाली बसले आणि ढसाढसा रडायला लागले. सुटलो म्हणून, की लेकरं वाचवल्याचंही ती बोलली नाही म्हणून? अजून कळत नाही मला, आणि लई संताप येतो. पाहुण्यांना वाटलं, लेक सासरी चालली म्हणून बाप रडतोय. कुणीतरी पाणी आणलं.

मी वाकले, त्यांच्या पाया पडले. का पडले, ते विचारू नका.