उघड्या डोळ्यांचे नंदी

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात सुताराच्या घरी आले, तेव्हा अजून आणे चालत होते. माझे सासरे, म्हणजे मामाजी, पोळा जवळ आला की नांगर-वखरं बाजूला सारून लाकडी नंदी कोरायला बसत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा. पोरं चाकांवरचे नंदी दोरीनं ओढत घरोघर जातात, बोजारा म्हणून पैसा-खाऊ मागतात. त्या दिवसानंतर वर्षभर नंदीला कुत्रं विचारत नाही.

मामाजींची एक रीत होती. नंदीचे डोळे ते घरी काढत नसत. बाजारात घासाघीस होऊन भाव ठरला, की बांबूची काडी काजळात बुडवून गिऱ्हाइकासमोर दोन डोळे रेखायचे. त्यांचं म्हणणं, डोळे नाहीत तोवर ते लाकूड, हवा तेवढा भाव पाडा. डोळे उघडले की तो देव. देवाच्या देखत त्याचं मोल पाडायचं नाही.

हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मला फक्त ती काडी हवी होती. माहेरच्या भिंतींवर मी मोर काढायची आणि इथे दिवसभर ढलप्या गोळा करायची. म्हणून बाजाराच्या आदल्या दुपारी मामाजींचा डोळा लागलेला पाहून मी अठराच्या अठरा नंदींचे डोळे काढले. वाटलं, म्हातारा खूश होईल आणि काडी माझ्या हाती देईल.

सकाळी त्यांनी पोतं उघडलं तर सगळे नंदी त्यांच्याकडे बघत होते. मामाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. रीत काय ती त्यांनी दोन वाक्यांत सांगितली आणि म्हणाले, "तूबी चाल बाजारात. आज भाव एकच." नंदी न विकता परत आले तर ती काडी मला जन्मात मिळणार नाही, हे मला कळून चुकलं.

मामाजींनी दीड रुपया सांगितला की गिऱ्हाईक बारा आण्यांवर येई. मामाजी नुसती नकाराची मान हलवत. लोक चिडून पुढे जात. घासाघीस केल्याशिवाय आमच्याकडे कोणी कोथिंबीरही घेत नाही. दुपारपर्यंत दोनच नंदी गेले. रडू येण्याऐवजी मला राग आला, आणि राग आला की माझं डोकं बरं चालतं. मी उरलेल्या नंदींची चाकं काढून वेगळा ढीग लावला. नंदी एक रुपया, त्यात बोलणं नाही. चाकं आठ आणे, त्यावर हवं तेवढं भांडा. देव नंदीत होता, चाकांत थोडाच होता? मामाजींनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि मिशीवरून हात फिरवला.

लोक चाकांवर तुटून पडले. चाक वाकडं आहे, लाकूड हलकं आहे, काय काय दोष काढले. घसा कोरडा करून तीन आण्यांत चाकं मिळवत आणि त्या आनंदात नंदीचा रुपया निमूट मोजत. मला तर मजाच वाटायला लागली.

शेवटी एक उरला. मासोळ्या विकून घरी निघालेल्या एका म्हातारीनं भांडभांडून चाकं फुकट मिळवली, तरी नंदी खाली ठेवला.

"भाऊ, याचा एक डोळा मले पाह्यते अन् एक तुले. बारा आण्यात दे."

खरंच होतं. तो डोळा काढताना मामाजी कुशीवर वळले होते आणि माझा हात हलला होता. आता ते माझ्याकडे बोट दाखवतील म्हणून मी पदर पुढे ओढला.

मामाजी म्हणाले, "म्हून तं भाव कमी होत नाई, बाई. तो दोघाईवर ध्यान ठेवते."

म्हातारी हसत सुटली आणि कनवटीचा रुपया काढून दिला.

पुढच्या पोळ्याला मामाजींनी काजळाची वाटी आणि काडी माझ्यापुढे सरकवली. "डोळे तूच काढजो. पण बाजारात, भाव ठरल्यावर."

नंतर कितीतरी वर्षं मी ते केलं. कोणी फारच ताणून धरलं, की मी काडी काजळात बुडवून नंदीच्या डोळ्यांच्या कोऱ्या जागेशी धरायची, एकदा डोळे उघडले की घासाघीस संपली असं बजावायची आणि गिऱ्हाइकाकडे बघत बसायची. काजळ सुकत आलं की बहुतेक जण आपसूक माझ्या भावावर येत.