सरड्याची मान

दाजींनी गिटार आकड्याला अडकवली आणि हात सोडला. आकडा मात्र चार बोटं पलीकडे होता. ओल्या रंगाची ती गिटार थेट रंगखोलीच्या फरशीवर आपटली आणि दांडीच्या जोडापाशी तडकली. मी या कारखान्यात अठरा वर्षं पॉलिश करते. या माणसाच्या हातून साधं फडकं पडलेलंही मी पाहिलं नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. कारखान्यात त्यांना सगळे सरडा म्हणतात, तेही तोंडावर, आणि त्यांना ते आवडतं. रंग बदलणाऱ्या गिटारी रंगवायच्या त्या त्यांनीच. समोरून पाहिली तर हिरवी, बाजूला सरकलात तर जांभळी, खाली वाकलात तर कडेला तांबूस. आधी काळाकुळकुळीत थर, त्यावर रंग फवारायच्या गनने या बदलत्या रंगाचे पाच-सहा पातळ हात, वर चकचकीत लेप. एक हात जरी कमी पडला तरी जांभळा रुसून बसतो, मग कितीही घासा. स्वतः दाजी मात्र वर्षानुवर्षं त्याच राखाडी सदऱ्यात. असला कसला सरडा, असं ताई येईल त्या पाहुण्याला विचारते.

त्यांच्या दोन लकबी होत्या. गनचा हात मारण्याआधी ते डाव्या हाताची वीत लावून गन आणि लाकडातलं अंतर मोजायचे. आणि रंग बघताना तोंड डावीकडे वळवून, मान कलती करून बघायचे. दोन्ही गेल्या दोन-अडीच वर्षांतल्या. आधी नव्हत्या, पण का सुरू झाल्या हे कुणी विचारलं नाही. उलट मालकांनी ‘आधी वीत, मग हात’ असं भिंतीवर लिहून घेतलं. मानेची लकब तर सगळ्यांनीच उचलली. गिऱ्हाईक आलं की आम्ही रांगेने माना वाकड्या करून उभे, जणू अख्ख्या कारखान्याची मान एकाच रात्रीत अवघडली होती. मी तर घरी भाजी निवडतानाही तशीच बघायला लागले होते.

गिटार पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ओढत नेलं. ते वाटभर कुरकुरत होते, आकडाच सैल झालाय म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांचा उजवा डोळा हाताने झाकला आणि समोर बोटं धरून किती ते विचारलं.

दाजी म्हणाले, “दिवे घालवलेत का?”

दिवे लावलेलेच होते. खिडकीही उघडी होती. मी खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी राहिले.

काचबिंदू, बाई म्हणाल्या. तो दुखत नाही, खुपत नाही, म्हणून कळत नाही. डावा डोळा गेला, तो परत येणार नाही. उजव्याचीही कड खाल्ली गेली आहे, पण रोज न चुकता थेंब घातले तर उरलंय ते राखता येईल. वर्ष-दीड वर्ष आधी आला असतात तर डावाही बराच वाचला असता, असंही त्या म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, इतक्या दिवसांत काहीच कसं जाणवलं नाही?

“जाणवलं ना,” दाजी म्हणाले. “डावीकडची भिंत कधी असायची, कधी नसायची. पण मी दिवसभर तेच बघतो, बाई. इथून हिरवं, तिथून जांभळं. मला वाटलं, आता डोळ्यांना सगळंच तसं दिसायला लागलं.”

मान वाकडी करून बघतात हे घरच्यांच्या लक्षात आलं नाही का, असं बाईंनी मला विचारलं. आमच्याकडे सगळेच तसं बघतात, एवढंच मला सांगता आलं. घरी ताईला सगळं कळलं. “जेवताना माझ्याशी बोलतानाही तसेच बघायचे, मी त्यावरून चिडवायचे,” असं ती परत परत म्हणत राहिली.

मालक माणूस म्हणून चांगला. गन दाजींकडेच राहील, फक्त प्रत्येक गिटार दुसऱ्या कुणीतरी उजेडात तपासायची, असं ठरलं. भिंतीवरची ओळ मात्र मालकांनी स्वतः खरवडून काढली.

दहा दिवसांनी दाजींनी तीच तडकलेली गिटार जोडून पुन्हा रंगवली आणि दाराशी, उन्हात माझ्यासमोर धरली. आजवर या माणसाने रंगाबद्दल कुणाला काही विचारलं नव्हतं.

“खरं सांग. डाव्या कडेला जांभळा आलाय?”

नव्हता आला. समोरून हिरवी झकास होती, उजवी कड जांभळी होती, आणि डावी नुसतीच काळपट. डावीकडे पोचता पोचता त्यांचा हात आधीच उचलला जात होता. दिसत होतं तिथपर्यंतच रंग जात होता.

“फिका आहे,” मी म्हणाले.

“बरं. अजून दोन हात मारतो.” ते वळले आणि थांबले. “आधी कधी असा फिका आला होता?”

मी खोटं बोलू शकले असते. मला खोटं बोलता येतं, चांगलं येतं. पण ऊन सरळ त्या काळपट कडेवर पडलं होतं.

“दोन वर्षांपासून येतोय,” मी म्हणाले. “प्रत्येक गिटारीला. मी रोज पॉलिश करत होते, मला दिसत होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही मारलेला रंग होता, दाजी. मला वाटलं, माझंच चुकतंय.”

मी नीट दिसावी म्हणून त्यांनी तोंड डावीकडे वळवलं, मान कलती केली आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.