हळदीच्या आदल्या रात्री फटफटीवर

वैशाखातली उतरती दुपार होती. महाडच्या पेठेत मी छत्रीची मोडलेली काडी बसवून घेत उभा होतो. तेवढ्यात रस्त्याच्या टोकाकडून असा काही फडफडाट ऐकू आला, की कासार हातातल्या बांगड्यांसकट दुकानाबाहेर आला. धुळीने पांढरी झालेली एक फटफटी, तिच्या बाजूला जोडलेली पाळण्यासारखी साइडकार, आणि वर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांवर दिव्याच्या काचेएवढा चष्मा. तो माणूस "मास्तर!" म्हणून ओरडला तेव्हा कुठे मी त्याला ओळखलं.

माझे वडील काही वर्षं पोलादपूरला पोस्टात होते, म्हणून माझ्या पहिल्या चार इयत्ता तिथं झाल्या. हा माझ्या बाकावरचा. पोलादपूरच्या डोंगरावरच्या एका वाडीतला. पुढे मुंबईला जाऊन एका शेठकडे ड्रायव्हर झाला. शेठचं कुटुंब उन्हाळ्यासाठी मोटारीनं महाबळेश्वरला पोचलं होतं आणि मागून फटफटी घेऊन येण्याचं काम याच्याकडे होतं. धरमतरपर्यंत बोटीनं, तिथून सडकेनं. उद्या दुपारपर्यंत ती शेठच्या बंगल्यात उभी करायची होती.

"आज वाडीवर राहतो, उद्या सकाळी घाट चढतो," तो म्हणाला. "टाइम हाय. चल, बैठ."

मला तसंही उद्या त्या वाडीवर जायचंच होतं. आमच्या बाकावरच्या तिसऱ्याचं लग्न होतं. तो गाव सोडून कुठे गेला नव्हता. बापाची गुरं आणि उतारावरची नाचणी सांभाळत होता. उद्या संध्याकाळी हळद, परवा लग्न, मुलगी वरंधकडची. आणि हा नवरदेव त्याच वेळी समोरच्या दुकानातून बाशिंग आणि बांगड्यांचं गाठोडं घेऊन बाहेर आला. सकाळी बारा मैल चालत उतरला होता. फटफटीकडे त्यानं बैल पारखावा तसं चारी बाजूंनी पाहिलं.

"लाथा झाडते काय रे?" त्यानं विचारलं.

"सुरू करताना झाडते," ड्रायव्हर म्हणाला.

त्याला साइडकारमध्ये बसवलं, मी मागच्या सीटवर बसलो, बाशिंगाचं गाठोडं माझ्या मांडीवर. महाड मागे पडलं. दोनेक मैल पोलादपूरच्या दिशेनं गेलो असू. सूर्य डोंगराला टेकत आला होता. आणि मग फटफटी थांबली.

का थांबली, हे मला नीट सांगता येत नाही. इंजिनाच्या आवाजात मला काहीच ऐकू येत नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की तिघंही रस्त्याच्या कडेला उभे होतो आणि समुद्राबद्दल बोलत होतो. नवरदेवानं समुद्र पाहिला नव्हता. ड्रायव्हर म्हणाला, मुंबईत रोज बघतो, पण तो गोदीतला, तेलकट. मी काही बोललो नाही. मी मुलांना भूगोल शिकवत होतो, भरती-ओहोटी फळ्यावर काढून दाखवत होतो, आणि बाणकोटच्या खाडीपलीकडे मी स्वतः काही पाहिलेलं नव्हतं.

"किती लांब हाय?" नवरदेव म्हणाला.

"गोरेगाव, म्हसळा, मग खाली. रात्रीत जाऊ, सकाळी परत," ड्रायव्हर म्हणाला. "पण तुझी हळद?"

"हळद सांजच्याला हाय."

त्यावर कुणी 'नको' म्हणालं नाही. फटफटी मागे वळली. पुन्हा महाडातून जाताना कासार परत दुकानाबाहेर आला आणि आमच्याकडे बघत राहिला.

दासगाव ओलांडेपर्यंत अंधार पडला. फटफटीचा दिवा कार्बाईडचा होता. वरच्या भांड्यातून खालच्या खड्यांवर पाणी ठिबकायचं, त्याचा गॅस नळीतून दिव्यात जायचा आणि तो काडीनं पेटवायचा. उजेड पांढरा पडायचा, पण खड्डा आला की दिवा दचकल्यासारखा बारीक व्हायचा. गोरेगावच्या पुढे दोन वाटा लागल्या. एक म्हातारा बैलगाडी घेऊन येत होता. आम्ही थांबून विचारलं, तर बैल बुजले आणि गाडी शेतात उतरली. नवरदेवानं उडी मारून बैल धरले, त्यांच्या मानेवर हात फिरवत त्यांना रस्त्यावर आणलं. म्हाताऱ्यानं शिव्या देता देता हात कुठल्या बाजूला केला, ते तिघांनी तीन तऱ्हांनी पाहिलं. शेवटी डावीकडे गेलो. तास-दीड तासानं तो रस्ता एका देवळाच्या पायऱ्यांशी संपला.

मागे फिरलो. घाटात दिवा विझला. पाणी संपलं होतं. ड्रायव्हरनं नवरदेवाच्या तांब्यातलं उरलेलं पाणी भांड्यात ओतलं. तो काड्या ओढत बसला असताना नवरदेव साइडकारमधूनच म्हणाला, "मास्तर, उद्या हळद नाय लागली तर काय होईल?"

"परवा लागेल," मी म्हणालो.

हे उत्तर मी थट्टेनं दिलं की त्याचा प्रश्न मला कळलाच नाही, कोण जाणे. दिवा पेटला आणि आम्ही निघालो.

हरिहरेश्वरच्या अलीकडे एका कोळीवाड्यापाशी रस्ता संपला. पहाट व्हायला अजून वेळ होता. फटफटी एका सुपारीच्या बागेच्या कुंपणाला लावून आणि गाठोडं माझ्या पाठीला बांधून आम्ही आवाजाच्या दिशेनं चालत गेलो. आवाज प्रचंड होता, कोठाराचे दरवाजे एकामागून एक आपटावेत तसा. पण पाणी दिसेना. पायाखाली काळा, भोकाभोकांचा खडक, कुठे धारदार, कुठे शेवाळलेला. पुढे काळं काही तरी हलत होतं. पाणी असेल म्हणून वाकावं तर हाताला दगड लागायचा, आणि दगड समजून पाय टाकावा तर गुडघाभर पाण्यात.

"कुठं हाय रे?" नवरदेव दर चार पावलांनी विचारत होता. "आवाज तर हितंच हाय."

ओहोटी आहे, असं मी मास्तरकीच्या सुरात सांगितलं. मग आम्ही एका सपाट खडकावर बसलो, आणि बसल्या बसल्या मला झोप लागली.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं. समोर समुद्र होता. त्याबद्दल मी पुष्कळ लिहू शकलो असतो, पण खरं सांगायचं तर मी तो तेव्हा पाहिलाच नाही. कारण नवरदेव जागेवर नव्हता. दहा-बारा हातांवर, पाण्याच्या अगदी कडेला, त्याच्या वहाणा होत्या. एक सरळ, एक उलटी. पाणी चढत होतं. आमच्या देखत एक लाट आली आणि उलटी वहाण घेऊन गेली.

ड्रायव्हर त्याच्या नावानं ओरडत त्या कडेवरून पळत सुटला. मी उलट्या बाजूला. खडकांच्या फटींत पाणी शिरून वर कारंज्यासारखं उडत होतं, आणि प्रत्येक फटीत डोकावताना मला वाटत होतं, आता दिसेल. घाटातला त्याचा प्रश्न मला तेव्हा पुन्हा ऐकू आला. परवा लागेल! असलं उत्तर मी का दिलं? त्याला लग्नच नको होतं का? मग बाशिंग घ्यायला बारा मैल चालत का आला? आणि नको असेल तर आम्हाला सांगायचं सोडून समुद्र कशाला? मला काही म्हणता काही समजेना. परत आलो तर ड्रायव्हर खडकावर बसून रडत होता. "त्याच्या आयेला काय सांगू?" एवढंच म्हणत होता.

खालच्या खडकावर एक कोळीण बसून कोयत्यानं कालवांचे शिंपले खरवडून काढत होती. आमचा गोंधळ तिनं बराच वेळ ऐकला असावा. शेवटी ती न वळताच म्हणाली, "उंच, काळा, मुंडाशावाला? तो वर गोठ्यात हाय. तांबडं फुटताच गेला."

आम्ही धावलो. कोळीवाड्याच्या टोकाला गोठा होता. दारात पाच-सहा माणसं जमली होती. आत एक तांबडी गाय आडवी पडलेली, आणि आमचा नवरदेव तिच्या मागे गुडघ्यांवर बसून, दंडापर्यंत हात आत घालून, डोळे मिटून काही तरी चाचपत होता.

"पाय मागं दुमडलाय," तो आम्हाला उद्देशून म्हणाला, जणू आम्ही मघापासून तिथंच उभे होतो. "मास्तर, शेपूट धरा."

मी शेपूट धरलं. ड्रायव्हरनं दोरी धरली. ती गाय ओरडत होती ते त्याला पहाटे खडकावर ऐकू आलं होतं. आम्हाला लाटांपलीकडे काही ऐकू आलं नव्हतं. शेवाळावर वहाणा घसरतात म्हणून काढून टाकल्या आणि पळाला, बस्स. आम्हाला उठवायचं सुचलं नाही. बऱ्याच खटपटीनं वासरू बाहेर आलं. नवरदेवानं वासराच्या नाकातला चिकटा बोटानं काढला, नाकपुड्यांत फुंकर घातली, गवतानं खसाखसा चोळलं. वासरानं मान हलवली. तेव्हा नवरदेव हसला. आदल्या दुपारपासून तो पहिल्यांदाच हसत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

गोठ्याच्या मालकिणीनं आम्हाला पेज दिली. माझ्या पाठीवरचं गाठोडं सुटलं होतं. बाशिंग पाहून ती थबकली.

"नवरदेव कोण गो बाई ह्यांच्यात?"

नवरदेवानं पेजेतून मान वर केली. "मी."

"लग्न कधी हाय?"

"हळद आज हाय. सांजच्याला."

"कुठं?"

"पोलादपूरला. वर डोंगरात."

ती बाई कपाळावर हात मारून खालीच बसली. मग उठून तिनं आम्हा तिघांना गावातल्या पोरांना देतात तशा शिव्या दिल्या, नवरदेवाला आपल्या नवऱ्याच्या जुन्या वहाणा दिल्या, आणि हाताला धरून फटफटीपर्यंत आणून सोडलं.

निघण्यापूर्वी त्यानं एकदा पाण्याशी जाऊन चूळ भरली, थुंकला, आणि लांबपर्यंत नजर टाकली. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

"का आलास रे?" मी विचारलं.

"पोरीला बघितलं नाय, समुद्र बघितला नाय. म्हटलं, दोनातलं एक तरी बघून ठेवू."

"आणि?"

"काय नाय. लई हाय."

परतीच्या वाटेवर ऊन डोक्यावर आलं. म्हसळ्याच्या चढणीवर इंजिन तापलं, अर्धा पाऊण तास आंब्याखाली थांबावं लागलं. गोरेगावच्या जवळ साइडकारचं चाक पंक्चर झालं. महाडात पोचायला दिवस कलला. बरोबर आणलेल्या डब्यातलं पेट्रोल ड्रायव्हरनं महाबळेश्वरच्या घाटासाठी राखलं होतं; तेही ओतून झालं. दुपारी बंगल्यात उभी राहायची गाडी संध्याकाळी पोलादपुरात उभी राहिली, तीही शेवटच्या थेंबावर.

वाडीच्या पाऊलवाटेवर निम्म्यात कंदील दिसले. नवरदेवाचा चुलता चार माणसं घेऊन शोधायला उतरत होता. रानात शोधून झालं होतं. कुणी तरी विहिरीतही गळ टाकला होता. नवरदेवाला त्यानं डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, दंडावर वाळलेलं रक्त पाहिलं, दुसऱ्याच्या वहाणा पाहिल्या.

"कुठं होतास?"

"गाय अडली होती," नवरदेव म्हणाला.

"कोणाची गाय?"

"समुद्राकडची."

चुलत्यानं माझ्याकडे वळून विचारलं, "मास्तर, तुम्ही शिकलेलं माणूस. हा काय बोलतो? नीट सांगा."

मी नीट सांगायला लागलो. पेठेत भेट झाली, मग फटफटी, मग वळलो... "का वळलात?" चुलता म्हणाला. तिथं मी अडलो. चुलत्यानं माझ्या खांद्याला धरून मला वाटेच्या कडेला सारलं आणि पुतण्याला पुढे घातलं. त्या रात्री उशिरा हळद लागली. दुसऱ्या दिवशी वेळेवर लग्न झालं. बाशिंगाची एक बाजू चेपली होती, ती आतून काडी लावून बायकांनी उभी केली.

ड्रायव्हर लग्नाला थांबला नाही. पेट्रोल मिळवून तो दीड दिवस उशिरानं महाबळेश्वरला पोचला. शेठनं त्याला कामावर ठेवलं, पण फटफटीला पुन्हा हात लावू दिला नाही. मला वाटलं होतं, तो आम्हा दोघांवर धुमसत असेल. पण गणपतीला आला तेव्हा तो ती गोष्ट वाडीभर रंगवून सांगत होता, आणि त्याच्या गोष्टीत समुद्राची कल्पना त्याची स्वतःची होती. आम्ही दोघं भीत होतो आणि त्यानंच ओढून नेलं, असं.

मी नवरदेवाला हे पुढे दोनेक वर्षांनी सांगितलं. तोवर त्याच्या मांडीवर वर्षाची मुलगी खेळत होती.

"तो काय बी सांगतो," तो म्हणाला. "तुम्हीच नाय का म्हणालात, चला दाखवतो म्हणून? म्हटलं, मास्तर एवढं म्हणतायत तर नाय कसं म्हणू?"

मी चकित होऊन त्याच्याकडे पाहत राहिलो. तो थट्टा करत नव्हता. मी असं म्हणालो होतो? रस्त्याच्या कडेला, उतरत्या उन्हात, आपण काय बोललो ते आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. कधी वाटतं, शक्यच नाही. कधी माझाच आवाज ऐकू आल्यासारखा होतो.

त्याची बायको चुलीशी बसली होती. ती हसून म्हणाली, "मास्तर, त्यांना विचारू नका. मला सांगत्यात, तुला बघायला वरंधला निघालो होतो, वाट चुकलो."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो मुलीचं नाक पुसत होता.