चौथा डबा

आमच्या जाऊबाई कशालाच घाबरत नाहीत, असं घरात सगळ्यांचं मत होतं. माझंही होतं, कारण मी स्वतः त्यांना घाबरत होते. लग्न होऊन आले त्या आठवड्यात मी त्यांना चहा करून दिला. त्यांनी कप नाकाशी नेला आणि न पिताच खाली ठेवला. "दूध कालचं आहे," म्हणाल्या. होतं कालचंच.

या नाकावरच त्यांनी धंदा उभा केला. मोठ्या दिरांची दाढ काढायला दोघं दवाखान्यात गेली होती. बाहेर वाट बघताना जाऊबाईंनी पाहिलं, की चार वाजता तिथल्या मुली पुड्यातली सादळलेली बिस्किटं चहात बुडवून खातायत. दुसऱ्या दिवशी दिरांचा सुजलेला गाल घरीच ठेवून या बाई केक घेऊन तिथे हजर. दातांच्या दवाखान्यात गोड विकायला जाणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. दवाखान्याशेजारी वकिलाची कचेरी होती, वरच्या मजल्यावर नकाशे काढणाऱ्यांची. सहा वर्षांत अशा आठ जागा झाल्या. रोज दुपारी चारला चहाचे थर्मास, दोन तऱ्हेची सँडविचेस आणि केकचा एक तुकडा. दिरांनी नोकरी सोडून जुनी व्हॅन घेतली. मी घरात बसून माशा मारतेय असं ठरवून मलाही कडा कापायला बसवलं. पावाच्या कडा.

नियम एकच. नाकाखालून गेल्याशिवाय काहीही घराबाहेर जायचं नाही. दूध, लोणी, अंडी, उकडलेली कोंबडी, अगदी पावाची लादीसुद्धा. त्या झाकण उघडत, डोळे मिटत, एक श्वास घेत आणि "जाऊ दे" म्हणत. कधीकधी "नको" म्हणत, आणि मग तो पदार्थ कितीही देखणा असो, थेट कचऱ्यात. गिऱ्हाइकं हे कौतुकाने एकमेकांना सांगत.

मागच्या थंडीत त्यांना ताप आला. चार दिवसांनी उठल्या, कामाला लागल्या. सगळं पहिल्यासारखं चाललंय असं आम्हाला वाटलं.

दीड महिन्याने एका दुपारी मी जिना चढत होते. पहिल्याच वळणावर गॅसचा वास आला. दुसऱ्या वळणावर तो घशात बसला. दार ढकललं तर जाऊबाई ओट्यापाशी उभ्या. दूध उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण मात्र चालूच. त्यांच्या हातात लायटर होता आणि तो शेगडीकडे निघाला होता.

"ताई, हात खाली!" मी इतक्या जोरात ओरडले की त्यांच्या हातातून लायटरच पडला.

मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. त्या मात्र माझ्यावरच डाफरल्या.

"काय झालं काय तुला एवढं किंचाळायला?"

"गॅसचा वास नाही आला तुम्हाला?"

"कसला वास?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. जिन्याच्या पायरीवर त्या मटकन बसल्या. कशालाच न घाबरणारी ती बाई माझ्या पदराचं टोक मुठीत धरून बसली होती.

"तापानंतर गेला गं वास," त्या म्हणाल्या. "जिभेला आंबट, गोड, खारट कळतं. बाकी काही नाही. डॉक्टर म्हणतात, येईल कदाचित परत. कदाचित नाही."

"मग इतके दिवस तुम्ही..."

"झाकण उघडते, डोळे मिटते, 'जाऊ दे' म्हणते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कुणाचा फोन येत नाही ना, म्हणून जीव मुठीत धरून बसते. ह्यांना सांगू नकोस. कुणालाच नको. आठ जागी एका दिवसात कळेल. तूच बघत जा ना. एवढं कर माझ्यासाठी."

मी हो म्हणाले. मोठ्या मनाने वगैरे नाही, त्यांनी माझा पदर सोडलाच नव्हता. वर थोडी ऐटही वाटली, खोटं का सांगू? ज्या बाईने माझ्या चहाला नावं ठेवली, तिला माझं नाक लागणार होतं.

ऐट आठवडाभर टिकली. मग भीती सुरू झाली. त्या डबा पुढे करत आणि हळूच म्हणत, "बघ." मी वास घ्यायचे आणि "चांगलं आहे" म्हणायचे. आणि लगेच वाटायचं, खरंच चांगलं आहे? लोणी असंच असतं? मला आयुष्यात कुणी कशाची खात्री द्यायला लावली नव्हती. संध्याकाळी फोन वाजला की तो मी दुसऱ्या कुणाला उचलायला लावायचे. हिशेब तपासणाऱ्यांच्या कचेरीतली एक बाई एकदा पोट बिघडून घरी गेली, तेव्हा तिने आदल्या दिवशी बाहेर काय खाल्लं होतं याची चौकशी मी तीन जणांकडे केली.

अशात ती मोठी ऑर्डर आली. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमाचा वर्धापनदिन, एकशेवीस माणसांचा दुपारचा चहा. पसंत पडला तर दर रविवार आमचा. एवढं एक काम आठ कचेऱ्यांच्या बरोबरीचं होतं. दीर तर दुसरी व्हॅन बघायला लागले.

जाऊबाईंनी आदल्या दिवशी कोंबडी उकडून, बारीक करून चार डबे भरले. तीन आमच्या फ्रिजमध्ये मावले. चौथा शेजारणीकडे ठेवला. तिच्या फ्रिजचं दार नीट लागत नाही हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. म्हणून आम्ही त्याला बाहेरून स्टूल लावून आलो होतो.

सकाळी मी डबा आणायला गेले तेव्हा स्टूल बाजूला होतं. त्यावर शेजारणीचा नातू बसून दूध पीत होता. डबा म्हणावा तसा गार लागला नाही. वास घेऊन बघू, असं मनाशी म्हणत मी तो घरी आणला. घरात नुसती धांदल. दीर खालून हॉर्न वाजवतायत, मी सहाव्यांदा केक मोजतेय, आणि जाऊबाईंची सकाळपासून टकळी चालू: हे बघ, ते बघ, परत बघ. मला अगदी नको झालं होतं. चौथ्या डब्याचं झाकण उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं. मी मान खाली केली, वर केली. "चांगलं आहे हो!" असं खेकसले.

चारही डबे एका पातेल्यात गेले. वर मोहरीची चटणी, मिरपूड, लोणी. चौथ्या डब्यातलं चमचाभर उरलं, ते मी झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवलं.

व्हॅन निम्म्या रस्त्यात आली असेल. जाऊबाई मांडीवरचे ट्रे सांभाळत म्हणाल्या, "शेजारणीकडचा डबा गार होता ना गं?"

आणि मला आठवलं. म्हणजे काहीच आठवेना. मान खाली केलेली आठवत होती, झाकणाची निळी कड आठवत होती. श्वास घेतलेला आठवत नव्हता.

"होता," मी म्हणाले.

पुढचा सगळा रस्ता मी एक सँडविच नाकाशी धरून बसले. मोहरी आणि मिरपूड, दुसरं काही नाही. खाऊन बघितलं, तरी मोहरीच. मनाला समजावलं, अगं घेतला असशील श्वास, माणूस श्वास घेतोच.

वृद्धाश्रमाच्या दिवाणखान्यात सगळे आधीच बसले होते. कुणी चाकाच्या खुर्चीत, कुणाच्या हाताला सलाइनची पट्टी, कुणाचं डोकं मानेवर ठरत नव्हतं. पंचविशीतल्या कारकुनाचं पोट बिघडलं तर तो दोन दिवस रजा घेतो. ही माणसं कुठे रजा घेणार होती? आम्ही ट्रे मांडले. तिथल्या व्यवस्थापक बाई हसतमुखाने आल्या, "वा, काय सुंदर मांडलंय," म्हणाल्या. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी तेवढ्यात हात लांबवून एक सँडविच उचललंही.

मी जाऊबाईंचा हात धरला. "ताई, मी श्वास नाही घेतला."

"काय?"

"चौथ्या डब्याचा. मला आठवत नाही. आणि तो गार नव्हता. मी खोटं बोलले."

मला वाटलं, त्या मला तिथेच फाडून खातील. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तरातरा आजोबांपाशी गेल्या, गुडघ्यावर बसल्या. सँडविच त्यांच्या ओठांना लागायच्या बेतात होतं.

"आजोबा, ते द्या मला."

"का? माझं आहे," आजोबा म्हणाले आणि पकड घट्ट केली.

"तुम्हाला मी केकचे दोन तुकडे देते. मोठे."

"तीन," आजोबा म्हणाले.

तीनवर सौदा पटला. मग जाऊबाई उठल्या. "कोंबडीची सँडविचेस कुणी खाऊ नका," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. व्यवस्थापक बाई धावत आल्या. आता काहीतरी थाप मारतील, ट्रे पडला, पाव कमी पडला, असं मला वाटलं. तशा थापांना त्या कमी नव्हत्या.

"मला वास येत नाही," जाऊबाई म्हणाल्या. "दोन महिने झाले. आमचा एक डबा तपासायचा राहिलाय. म्हणून परत नेते."

दार धरून उभ्या असलेल्या दिरांनी हे तिथेच पहिल्यांदा ऐकलं.

व्यवस्थापक बाई ओरडल्या नाहीत. चहा आणि केक तेवढा वाढू दिला आणि निघताना म्हणाल्या, "रविवारचं राहू द्या आता."

परतीच्या वाटेवर दीर एकदाच म्हणाले, "मला सांगायचं नाहीस?" जाऊबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

घरी आल्यावर त्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या. मी फ्रिज उघडला. निळ्या कडेचा डबा समोरच होता, तळाशी चमचाभर कोंबडी. झाकण उघडलं आणि या वेळी छाती भरून श्वास घेतला. परत घेतला. थोडी जिभेवर ठेवली. सकाळी उकडल्यासारखी ताजी होती.

"कसं आहे?" पाठीमागून त्यांनी विचारलं.

माझी पाठ त्यांच्याकडे होती. "खराब होतं" एवढं म्हटलं असतं, तर त्यांना वाटलं असतं की आपण एकशेवीस जीव वाचवले. माझीही कातडी वाचली असती. त्यांना काय, आंबलेलं आणि ताजं सारखंच. मी काय म्हणेन तेच त्यांच्यासाठी खरं होणार होतं, आणि यानेच माझ्या अंगावर काटा आला.

"चांगलं होतं," मी म्हणाले. "सगळं चांगलं होतं, ताई."

मी वळायला धजत नव्हते. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. त्यांनी चहाचं आधण ठेवलं, दुधाचं पातेलं उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"बघ," म्हणाल्या.