माउसखालची शाल

बाबा फळ्यावर गोल काढायला वळले की वर्ग गप्प व्हायचा. हातात कंपास नाही, दोरी नाही. खांद्यापासून हात फिरायचा आणि खडू जिथून निघाला तिथेच येऊन टेकायचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते विज्ञान शिकवत. निवृत्त झाल्यावर बाजारात जुने विद्यार्थी भेटायचे, ते विज्ञानाचं फारसं काही काढत नसत. "सर, तुमचा गोल!" एवढं म्हणायचे, आणि बाबा लाजून चष्मा पुसायचे.

म्हणून दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांचा हात थरथरतो आहे असं दिसलं, तेव्हा घरात कोणी त्याविषयी बोललं नाही.

थरथर दिसली ती कॉम्प्युटरवर. शाळेच्या भिंतीवर लावायला ते गावाचा नकाशा काढत होते. मोताळ्याच्या अलीकडचं आमचं गाव, त्यातला नाला, शेतांकडे जाणारी पांदण, देऊळ, मशीद, सगळ्या वस्त्या आणि सगळ्या विहिरी. सगळं माउसने, हळूहळू, जीभ दातात धरून. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, दिवसभर कॉम्प्युटरपुढेच असते. गोल काढायचं तयार बटण असतं हे मी त्यांना दाखवलं.

"ते राहू दे," बाबा म्हणाले. "गावातली एक तरी विहीर बटनानं खोदली का कोनी?"

आमच्या वस्तीची विहीर त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. गावच्या विहिरीवर आपल्या माणसांना पाणी भरू देत नव्हते, तेव्हा आजोबांच्या पिढीने ती स्वतः खोदली. गावच्या कुठल्याही जुन्या नकाशावर ती नाही. बाबांच्या नकाशावर ती यायची होती, आणि तेवढ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला.

झटका हलका होता. डॉक्टर म्हणाले, हाताला थोडा कंप राहू शकतो. घरी आल्यावर दोनेक दिवसांतच बाबा टेबलाशी बसले आणि शेवटची विहीर काढायला घेतली. रेघ करवतीच्या दातांसारखी उमटली. त्यांनी पुसली, पुन्हा काढली. पुन्हा तसंच. बाण मध्येच उडी मारून वस्तीबाहेर जायचा. मी मागे उभी होते. त्यांनी माउसवरून हात उचलला, तळवा उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "गेला माहा हात."

त्यानंतर ते कॉम्प्युटरपुढे बसले नाहीत. दाढी मात्र शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने करत. गालावर कधी ओरखडा नाही. आम्ही रोज ते पाहत होतो, पण पाहिलेल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही.

बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला भन्ते येणार, बुद्धवंदना होणार, आणि त्याच दिवशी नकाशा शाळेत लावायचा असं मुख्याध्यापकांनी सुचवलं. बुलढाण्याच्या फ्लेक्सवाल्याला फाइल द्यायची होती. राहिली होती ती एक विहीर. ती काढायला एका दुपारी मी बाबांच्या खुर्चीत बसले.

रेघ तुटली. मला वाटलं, डोळ्यांत पाणी आहे म्हणून. तोंड धुऊन आले, पुन्हा काढली. बाण सरळ चालला होता तो एकाएकी थरथरला आणि पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला.

मग मी जे सगळे करतात ते केलं. माउस उलटा करून खालच्या लाल दिव्याच्या खाचेतला केस काढला, कापसाने काच पुसली. वायर मागच्या खोबणीतून काढून पुढच्या खोबणीत लावली. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. बाणाचा वेग कमी केला. तो आता सावकाश उड्या मारू लागला.

पुण्याला असलेल्या धाकट्या भावाला फोन केला.

"अवं ताई, नवा घे न. माउसले कोन औषधपानी करते?"

"बाबांचा आहे तो."

"बाबांचा हाये म्हून त्याले पेन्शन द्याची का आता?" तो म्हणाला.

नवा आणला. नव्यानेही तसंच केलं. भाऊ म्हणाला, मग कॉम्प्युटरच गेला असन, भंगारात दे. मी फोन ठेवला आणि तशीच बसून राहिले. जुन्या माउसने बाबांच्या हाताखाली उड्या मारल्या. माझ्या हाताखालीही मारल्या. नव्यानेही मारल्या. माझ्या हाताला तर काही झालेलं नव्हतं.

नकाशा बाजूला राहिला. बाबांचा हात खरंच गेला होता का, एवढंच मला कळायला हवं होतं. तो गेला या समजुतीतच ते जगातून गेले होते.

पाचवीत मी त्यांच्याच वर्गात होते. सेल, तार आणि बल्ब घेऊन बसायचो. बल्ब लागला नाही की आम्ही घाईने सेलही बदलायचो आणि तारही. बाबा ते हातातून काढून घेत. "एका वेळेस एकच गोष्ट बदला. दोन बदलल्या तं दोष कोनाचा होता ते जन्मात समजनार नाई." मी सगळं पहिल्यासारखं मांडलं. जुना माउस, मागची खोबण, पहिला वेग. आणि काय काय अजून बदललं नाही ते पाहू लागले.

माउसखाली गादी होती. आई तिला गादीच म्हणायची. बाबांच्या निवृत्तीला गावाने सत्कार केला, सरपंचांनी शाळेच्या पटांगणात त्यांना शाल पांघरवली. आमच्या वस्तीतल्या माणसाला गावाने शाल पांघरवल्याचं ते पहिलंच उदाहरण. मिळालेल्या बाकीच्या शालींची आईने टीव्हीवर, पेटीवर, कॉम्प्युटरवर घालायला झाकणं केली. ही एक मानाची म्हणून जपून ठेवली होती. बाबा दवाखान्यात असताना त्यांच्या उशाशी बसून तिने त्या शालीच्या जरीच्या काठाचा चौकोन कापला, आत जुनी चादर भरली, कडेने टाके घातले. तोवर बाबा माउस उघड्या लाकडावर फिरवत. घरी आले तेव्हा टेबलावर ही गादी मांडलेली होती.

आजारपण आणि गादी. दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या.

इतका वेळ माझा हात गादीकडे गेला नव्हता. आईने शिवलेली वस्तू कोण काढणार? मी ती उचलली आणि माउस लाकडावर ठेवला. बाण निघाला, नाल्याकाठाने गेला, पांदण ओलांडली, वस्तीत शिरला. कुठे अडला नाही. गादी ठेवली, उडी. काढली, सरळ. ठेवली, उडी. माउस खालच्या पृष्ठभागावर उजेड टाकतो आणि तो बघतच पुढे सरकतो. जरीच्या चकाकीने त्याचे डोळे दिपत होते, इतकंच.

मी रडले, पण ते रडणं आधीच्यासारखं नव्हतं. बाबांचा तो करवतीसारखा गोल पडद्यावर तसाच होता. मी पहिल्यांदा त्याच्याकडे मान वर करून पाहिलं.

आता आईला सांगायचं होतं. हात चांगला होता हे सांगायचं तर मग बिघडलं काय होतं, तेही सांगावं लागणार. ती अंगणात तूर पाखडत होती. मी बराच वेळ दारात उभी राहिले.

"काऊन वं, अशी भुतावानी उभी? झाला का नकाशा?"

"आई, बाबांचा हात चांगला होता."

सूप थांबलं. मी तिला आत आणलं, खुर्चीत बसवलं, तिचा हात माउसवर ठेवला. गादीवर फिरवायला लावला, मग लाकडावर. तिने दोन्ही वेळा पडद्याकडे पाहिलं. समजावून सांगायची गरज पडली नाही.

"म्हंजे माह्या गादीनं," ती म्हणाली.

मी मान हलवली.

"त्यायले समजलं असन का?"

"मले नाई वाटत."

"समजलं असतं तं बोल्ले असते. चूक दिसली आन गप रायले, असं कधी झालं त्यायच्या हातून?" ती थोडं हसली. मग पदर तोंडाला लावून पुष्कळ वेळ बसली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. शेवटी तिने गादी उचलली, खालून बोट फिरवून पाहिलं. खालची बाजू त्याच शालीच्या साध्या लोकरीची होती, विटकरी, बिनचकाकीची. तिने ती उलटी करून टेबलावर ठेवली.

"आता पाह्य."

बाण सरळ चालला.

"तं काढ मंग विहीर. हात त्यायचाच हाये तुहा."

बाबांचा हात माझ्याकडे नाही. पण मी बटण वापरलं नाही. बाबांची ती दातेरी रेघ पुसली आणि खांद्यापासून हात फिरवला. रेघ गुळगुळीत आली, मात्र गोल एका बाजूने जरा चेपला. मी पुसणार, तोच आई म्हणाली, "राहू दे. हाये बी तशीच ती. नाल्याकून दबलेली."

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाल्यावर सगळे शाळेत गेले. नकाशा व्हरांड्यात लागला होता, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. म्हातारी माणसं बोट ठेवून आपापली विहीर शोधत होती. आमच्या वस्तीतल्या एका आजींना वाचता येत नाही. त्यांनी नाल्यापासून बोट सरकवत नेलं आणि बरोबर आमच्या विहिरीवर थांबवलं. "ही पाह्य," त्या म्हणाल्या, "माह्या सासऱ्यानं दगड वाहिले इच्यासाठी."

बाबांचा एक जुना विद्यार्थी आईजवळ आला. "मावशी, आम्ही ऐकलं होतं की शेवटी सरांचा हात कापत होता. पण हे गोल पाहून तसं वाटत नाई."

मी आईकडे पाहिलं. विषय बदलावा म्हणून पुढे झाले. तिने मला हाताने मागे सारलं.

"कोन म्हन्ते कापत होता?" ती म्हणाली, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात. "हात शेवटलोक सीधा होता त्यायचा. माही गादी उलटी होती. ही एवढी विहीर पोरीनं काढली, बाकी समद्या त्यायच्या. मोजून घे."

तो खरंच मोजू लागला. आई शेजारी उभी राहून एकेका विहिरीचं नाव सांगत गेली.