वेरोनाच्या आखाड्यात बंकट वस्ताद

आमच्या आबांना, म्हणजे घाटनांदूरच्या बंकट वस्तादांना, मी इटलीला बोलावलं ही चूक माझीच. माझे मिस्टर तिकडं वेरोनात कंपनीत कामाला आहेत. म्हटलं, जन्मभर लाल मातीत घोळलेला माणूस, दोन हजार वर्षांपूर्वीचं रोमन लोकांचं दगडी मैदान बघून खूश होईल. ‘त्यांचा आखाडाच हाय आबा,’ असं मीच सांगून बसले.

झालं! आत शिरायच्या आधी आबांनी बूट काढले. एवढ्या थंडीत! आखाड्यात पायताण चालत न्हाई म्हणे. मधोमध जाऊन वाकले, धूळ कपाळाला लावली, शड्डू ठोकला आणि ‘बजरंगबली की जय’ म्हणून अशी आरोळी ठोकली की चार गोऱ्या बाया दचकून बाजूला झाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आबा मात्र लई खुशीत. गोल चढत गेलेल्या पायऱ्या बघत, मी सांगितलेला आकडा ऐकून म्हणाले, “तीस हजार माणूस बसायचं? आपल्या जत्रंत पाच हजार आलं तर पोलीस लागतेत.”

जत्रेचा विषय निघाला की आमच्या घरात एक नाव टाळतात. म्हाळू. नांदूरघाट या दुसऱ्या गावचा, पण आबांचाच पठ्ठ्या. तीस वर्षांपूर्वी गेवराईकडच्या एका जत्रेत कुस्तीत त्याची मान मोडली, ती कायमची. पंच आबाच होते. कुस्ती वेळेत थांबवली नाही म्हणून लोक बोल लावायचे. आबांचं एकच म्हणणं, “क्षणात झालं, मला दिसलंच न्हाई.” माझ्याच शाळेतली म्हाळूची पुतणी आबांना खोटारडे म्हणाली, तेव्हा मी तिच्या झिंज्या उपटल्या होत्या. माझा बाप खोटं बोलंल का?

आम्ही पायरीवर बसलो. तिकिटाबरोबर कानाला लावायला दिलेल्या यंत्रातली इंग्रजी माहिती ऐकून मी आबांना मराठीत सांगत होते. इथं माणसं हत्यारानं लढायची. गुलाम, कैदी. लोकांच्या करमणुकीसाठी मरायची.

“करमणूक?” आबांनी कपाळ खसाखसा पुसलं. “आगं, मंग आधी सांगायचं न्हाई का? मी शिवलो की त्या मातीला!”

“हरणारा बोट वर करायचा. मग पंच लढत थांबवायचा. खेळ भरवणारा लोकांचा गलका ऐकून ठरवायचा, सोडायचं का मारायचं.”

“पंच थांबवायचा?”

“हो, आबा.”

“ह्या राक्षसांतला पंच बी थांबवायचा?”

आबांनी गुडघे पोटाशी ओढून घेतले. मला वाटलं थंडी बाधली.

“मी न्हाई थांबवली, राजश्री. म्हाळूनं ‘सोडवा’ म्हणून हात हालवलता. मी बघितलं. पब्लिकला हारजीत पायजे व्हती, ‘निकाली, निकाली’ वरडत व्हतं. त्यो माझाच पठ्ठ्या. कुस्ती बरोबरीत सोडवली असती तर लोक म्हणले असते, वस्तादानं आपला गडी वाचवला.”

माझ्या तर डोक्यात सणक गेली. “आणि मला सांगत होतात दिसलं न्हाई? लाज कशी वाटली नाही हो, आबा?” त्या परक्या गावात मी वयस्क बापावर ओरडत होते.

पंधरा दिवसांनी, भारतात परत आल्यावर, मी स्वतः त्यांना नांदूरघाटला घेऊन गेले. म्हाळूकाका अंगणात खाटेवर बसले होते. मान वळत नाही, म्हणून सगळं अंग फिरवून त्यांनी आमच्याकडं बघितलं.

आबा उभ्यानंच म्हणाले, “म्हाळू, तू हात हालवलता, ते मला दिसलं व्हतं.”

“मला ठावं हाय, वस्ताद. आपली नजरानजर झालती.”

मी चरकले. “मग तुम्ही इतकी वर्षं बोलला कावून न्हाई, काका?”

“बोललो असतो तर वस्तादांच्या तालमीत पोरं कुणी पाठवली असती?” म्हाळूकाका म्हणाले. “बसा, वस्ताद. उभे कावून?”

आबांना बसता येईना.