चुन्याचे पट्टे

सावद्याजवळच्या एका गावात चुडामण सामाजिक वनीकरणाकडे रोजंदारीवर राखणदार होता. रोपांना पाणी घालायचं, शेळ्या हाकलायच्या. बायको गेल्यापासून थोरल्या भावाकडे, पितांबरनानांकडे जेवायचा. नानांची केळीची बाग नाल्याला लागून होती.

एकोणनव्वद साली जळगावहून एक साहेब नकाशा करायला आले. सातपुड्याच्या पायथ्यापासून तापीपर्यंत नाल्याकाठची झाडं कुठे सलग आहेत, कुठे तुटली आहेत, ते त्यांना कागदावर उतरवायचं होतं. ओळ सलग राहिली तर पाखरांना वाट राहते, काठ ढासळत नाही, बागांना वाऱ्याचा आडोसा मिळतो, असं ते सांगत. आजवर चुडामणला कुणी कामाचं कारण सांगितलं नव्हतं. तो हरखला. साहेबांना ओळ लांबून दिसावी म्हणून त्याने आपल्याच मनाने झाडाझाडाला चुन्याचा पट्टा मारला.

गावाला पट्टा ठाऊक होता. सडक रुंद झाली तेव्हा आधी झाडांना असेच पट्टे पडले, मग बांधापासून आतली जमीन गेली.

पारावर मगनने त्याला गाठलं. "काय रे चुडामण, चुना झाडाले लावला की आम्हाले?"

"मगनभाऊ, नुसता नकाशा हाये. जमिनीले कोनी हात लावनार नाही."

"साहेबानं तुह्या कानात सांगितलं वाटते!"

लोक हसले. दुसऱ्या दिवसापासून नाल्यावर कुऱ्हाडी वाजू लागल्या. झाडच नसलं तर सरकार काय नेईल, असा साधा हिशेब होता.

चुडामण नानांकडे धावला. "नाना, आपली तरी राहू द्या. वारा अडवतात ते."

"अन् शेत गेलं तर? तू घालशीन खाऊ?" नानांनी कुऱ्हाड त्याच्या हातात दिली. "पट्टा तूच मारला ना? मंग तूच तोड. नाही तर या घरी पाय ठेवू नको."

चुडामणने तोडली. दुपार कलेपर्यंत तोडत होता.

ज्येष्ठात वादळ आलं. घडांनी लगडलेली बाग नाल्याच्या अंगाने आडवी झाली. जमीन न्यायला कुणीच आलं नाही. जळगावच्या कचेरीत नकाशा लागला. तो तोडीआधीच काढलेला; त्यात नानांच्या बागेशेजारची झाडांची रेघ हिरवीच होती.

बाग पडली त्या संध्याकाळी नानांच्या बायकोने, कुंदावहिनीने, दोघा भावांची ताटं वाढली. नाना त्याच्याकडे न बघता ताटावरून उठले. चुडामणने हात धुतला आणि चपला घातल्या. वहिनीने हाक मारली नाही.